ईश्वराच्या आसनाचा दावेदार

सर्व स्तुती केवळ अल्लाहसाठी, ज्याच्या सत्तेत कोणी भागीदार नाही आणि ज्याच्या क्षमेला सीमा नाही. दरूद व सलाम असो अंतिम प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्यावर, त्यांच्या कुटुंबीयांवर आणि त्यांच्या सहाबांवर.



काही महिन्यांपूर्वीची गोष्ट. इशाची नमाज झाली, लोक पांगले आणि सतरा-अठरा वर्षांचा एक मुलगा माझ्याजवळ येऊन बसला. त्याने मोबाईल पुढे केला. त्यात एक व्हिडिओ होता. जगातील एका नेत्याच्या चेहऱ्याभोवती लाल वर्तुळ काढले होते, मागे भीतिदायक संगीत वाजत होते आणि निवेदक ठामपणे सांगत होता की, दज्जाल आला आहे आणि तो हाच. मध्येच ६६६ हा आकडा झळकला. मुलाने विचारले, "मौलाना, हे खरे आहे का? आणि खरे असेल तर आपण काय करायचे?"

मी म्हणालो, "बेटा, हा आकडा आपल्या हदीसमधला नाही. तो ख्रिस्ती बांधवांच्या ग्रंथातला आहे. आधी तेथे काय लिहिले आहे ते पाहू, मग बोलू."

मराठी विषय घेऊन बी.ए. करताना फादर स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'च्या निमित्ताने मी मराठी बायबल चाळले होते. पण प्रत जवळ नव्हती. म्हणून दुसऱ्या दिवशी आमच्या वस्तीशेजारी राहणाऱ्या एका निवृत्त ख्रिस्ती शिक्षकांकडे गेलो. ते मला 'इमामसाहेब' म्हणतात, मी त्यांना 'सर' म्हणतो. त्यांनी बायबल हाती दिले आणि थोडे संकोचून आपला मोबाईलही दाखवला. त्यांच्या नातवाला आलेला एक व्हिडिओ त्यात होता. संगीत तसेच, लाल वर्तुळही तसेच. फक्त त्या वर्तुळात चंद्रकोर होती. अंतिम काळी देवाची निंदा करणारे जे श्वापद येणार आहे ते म्हणजे मुसलमान, असा त्याचा आशय होता. सर म्हणाले, "इमामसाहेब, आमच्या ग्रंथात असे लिहिलेले नाही. मी नातवाला तसे सांगितले आहे. तुम्हीही वाचून पाहा."

मी वाचले. वाचताना माझ्या मनात जे आले ते आज आपल्यापुढे ठेवत आहे. कारण तो मुलगा आणि तो नातू यांच्या घरांसारखीच आपलीही घरे आहेत, आणि असे व्हिडिओ आपल्याही मुलांच्या हातात पोहोचले आहेत.

ख्रिस्ती ग्रंथांत काय आहे?

बायबलच्या अखेरीस 'प्रकटीकरण' नावाचा ग्रंथ आहे. पात्म नावाच्या बेटावर योहान नामक व्यक्तीला झालेल्या दृष्टान्तांचे ते वर्णन आहे. रोमन सम्राट डोमिशियन याच्या राजवटीत, इ.स. ९५ च्या सुमारास तो लिहिला गेला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच्या तेराव्या अध्यायात समुद्रातून एक श्वापद वर येते. त्याला सात डोकी आणि दहा शिंगे आहेत, आणि त्याच्या डोक्यांवर देवाची निंदा करणारी नावे आहेत. अजगराकडून, म्हणजे सैतानाकडून, त्याला सत्ता मिळते. त्याला एक तोंड दिले जाते. त्या तोंडाने ते मोठमोठ्या गोष्टी बोलते आणि बेचाळीस महिने देवाची, देवाच्या नावाची व त्याच्या निवासाची निंदा करते. लोक त्याची उपासना करू लागतात. मग जमिनीतून दुसरे श्वापद निघते. त्याची शिंगे कोकरासारखी आहेत, परंतु वाणी अजगराची आहे. ते चमत्कार दाखवते, पहिल्या श्वापदाच्या मूर्तीपुढे लोकांना नमवते आणि ज्याच्या उजव्या हातावर किंवा कपाळावर श्वापदाची खूण नाही त्याला खरेदी-विक्री करू देत नाही. ६६६ हा आकडा याच ठिकाणी येतो.

पौल यांनी थेस्सलनीका येथील ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातही अशाच एका व्यक्तीचे भाकीत आहे. अंतापूर्वी अनीतीचा एक माणूस प्रकट होईल. जे जे पूज्य मानले जाते त्या सर्वांहून तो स्वतःला उंच ठरवील आणि देवाच्या मंदिरात बसून आपणच देव आहोत असे दाखवील. त्याही आधीच्या दानीएलाच्या ग्रंथात, सातव्या अध्यायात, एक लहान शिंग परात्पर ईश्वराविरुद्ध बोलताना दिसते.

या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. मराठी बायबलमध्ये ज्याला 'दुर्भाषण' किंवा 'देवनिंदा' म्हटले आहे, ते येथे केवळ शिवीगाळ या अर्थाने येत नाही. रागाच्या भरात कोणी अपशब्द बोलला, इतकी ती गोष्ट लहान नाही. निर्मिलेल्या जीवाने निर्माणकर्त्याचे आसन मागावे, त्याच्यासाठी असलेली उपासना स्वतःकडे वळवावी आणि जो मान तुकवणार नाही त्याची भाकरी बंद करावी, हे खरे दुर्भाषण. म्हणजे निंदा तोंडातून निघते, परंतु तिचे मूळ आसनाच्या लोभात असते.

ही भीती कोठून आली?

हे ग्रंथ ज्यांच्यासाठी लिहिले गेले त्यांनी असे दावेदार प्रत्यक्ष पाहिले होते किंवा त्यांच्याविषयी वाडवडिलांकडून ऐकले होते. इ.स.पूर्व १७५ ते १६४ या काळात सीरियावर अँटिओकस चौथा राज्य करीत होता. त्याच्या नाण्यांवर त्याच्या नावापुढे 'प्रकट झालेला देव' अशा अर्थाची पदवी कोरलेली असे. इ.स.पूर्व १६७ मध्ये त्याने जेरुसलेमचे मंदिर भ्रष्ट केले. दानीएलाच्या ग्रंथातील ते लहान शिंग म्हणजे हाच राजा, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. पुढे इ.स. ४० च्या सुमारास रोमन सम्राट कॅलिगुला याने जेरुसलेमच्या मंदिरात स्वतःचा पुतळा बसवण्याचा हुकूम सोडला. सीरियाचा रोमन सुभेदार पेट्रोनियस याने त्या हुकमाची अंमलबजावणी लांबवली आणि इ.स. ४१ च्या आरंभी कॅलिगुलाची हत्या झाली, म्हणून तो प्रसंग टळला.

'प्रकटीकरण' ज्या आशिया मायनरमधील सात मंडळ्यांना उद्देशून आहे, त्यांपैकी पर्गमम या शहरात सम्राट ऑगस्टसचे मंदिर होते. त्याच्या नाण्यांवर तो स्वतःला देवाचा पुत्र म्हणवीत असे, कारण त्याचा दत्तक पिता ज्युलियस सीझर याला मरणोत्तर देव ठरवण्यात आले होते. इ.स. ११२ च्या सुमारास प्लिनी नावाच्या रोमन अधिकाऱ्याने सम्राट ट्रेजनला पाठवलेले एक पत्र आज उपलब्ध आहे. ख्रिस्ती असल्याचा संशय असलेल्यांची आपण परीक्षा कशी घेतो हे त्याने त्यात सांगितले आहे. सम्राटाच्या प्रतिमेपुढे धूप आणि मद्य अर्पण करायचे आणि ख्रिस्ताला शाप द्यायचा. जो हे करील तो सुटे. जो नाकारील त्याला मृत्युदंड होई.

६६६ चे कोडेही बहुतेक अभ्यासकांच्या मते याच काळातले आहे. 'बिस्मिल्लाह'साठी आपल्याकडे जो ७८६ हा आकडा रूढ झाला तो अक्षरांना अंकमूल्य देणाऱ्या अबजद पद्धतीतून. तशाच पद्धतीने सम्राट नीरोचे नाव हिब्रू अक्षरांत लिहिले तर बेरीज ६६६ येते. ज्या सत्तेचे नाव उघड घेणे धोक्याचे होते, तिचे नाव आकड्यात लपवले गेले. आज कोणाच्याही नावाची ओढूनताणून बेरीज करून ६६६ काढणाऱ्यांनी हे लक्षात घेतलेले नसते.

आपल्या शिकवणीतील दज्जाल

आता आपल्याकडे वळू. आदम (अ.) यांच्या निर्मितीपासून कयामतपर्यंत दज्जालपेक्षा मोठे संकट नाही, असे अल्लाहच्या प्रेषितांनी (स.) सांगितल्याची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. प्रत्येक प्रेषिताने आपल्या समाजाला त्याच्यापासून सावध केले. तो आकाशाला आज्ञा करील आणि पाऊस पडेल, जमिनीला आज्ञा करील आणि पीक उगवेल. जे त्याला मानतील त्यांची गुरे धष्टपुष्ट होतील. जे नाकारतील त्यांच्या शेतात दुष्काळ पडेल. अखेरीस तो रब असल्याचा दावा करील. श्वापदाची खूण नसलेल्याला बाजार बंद, आणि दज्जालला न मानणाऱ्याला पाऊस बंद. दोन्ही वर्णनांत ईमानची परीक्षा पोटाच्या वाटेने होते, हे साम्य विचार करण्यासारखे आहे.

त्याला ओळखायचे कसे? प्रेषितांनी (स.) सांगितले की, तो एका डोळ्याने अधू असेल आणि तुमचा रब तसा नाही. त्याच्या दोन डोळ्यांच्या मध्ये काफ, फे, रे ही अक्षरे असतील आणि ती प्रत्येक श्रद्धावंताला वाचता येतील, मग तो साक्षर असो वा निरक्षर. याचा अर्थ असा की, हे वाचन शाळेत शिकवले जात नाही. ज्याचे अंतःकरण अल्लाहची थोरवी ओळखते, त्याला खोट्या थोरवीच्या कपाळावरचे लिखाण दिसते. ज्याचे अंतःकरण ते ओळखत नाही, त्याला शंभर व्हिडिओ दाखवले तरी ते दिसणार नाही.

दज्जाल चाळीस दिवस राहील आणि त्यातील पहिला दिवस वर्षाएवढा असेल, असे ऐकल्यावर सहाबांनी (रजि.) काय विचारले? तो कोणत्या देशाचा, कोणत्या वंशाचा, हे त्यांनी त्या वेळी विचारले नाही. त्यांनी विचारले की, त्या लांबलचक दिवसात एकाच दिवसाच्या नमाज पुरेशा होतील का? उत्तर मिळाले की नाही, वेळेचा अंदाज घेऊन सर्व नमाज अदा करा. एवढ्या मोठ्या संकटाची बातमी ऐकून ज्यांच्या मनात पहिली चिंता नमाजची आली, ते लोक दज्जालला घाबरणारे नव्हते.

दावा करण्याची ही वृत्ती दज्जालपासून सुरू होत नाही. आपणच सर्वांत श्रेष्ठ रब आहोत, असे फिरऔनने आपल्या प्रजेला सांगितल्याचे सूरह नाजिआतमध्ये आहे. हजरत इब्राहीम (अ.) यांच्याशी वाद घालणाऱ्या राजाने जगवणे आणि मारणे आपल्याच हाती असल्याचे म्हटले, हे सूरह बकरामध्ये आहे. अल्लाहने त्याला राज्य दिले म्हणून तो वाद घालत होता, असे कुरआन तेथेच स्पष्ट करतो. देणगी मिळाली आणि देणाऱ्याचाच विसर पडला, हीच फिरऔनपासून दज्जालपर्यंतची कहाणी आहे.

जेथे वाटा वेगळ्या होतात

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ख्रिस्ती बांधव येशूंना ईश्वराचा पुत्र आणि प्रभू मानतात. 'ख्रिस्तविरोधक' हा शब्द प्रकटीकरणात नाही. तो योहानाच्या पत्रांत आहे, आणि तेथे पिता व पुत्र यांना नाकारणाऱ्यास तो लावला आहे. आपण हजरत ईसा (अ.) यांना अल्लाहचे थोर प्रेषित व मसीह मानतो, कुमारी मरयम (अ.) यांच्या पोटी झालेला त्यांचा जन्म मानतो, ते पुन्हा अवतरतील हेही मानतो, परंतु अल्लाहला पुत्र आहे ही कल्पना आपण कदापि मान्य करीत नाही. त्यांना जी भक्ती वाटते ती आपल्याला तौहीदच्या विरुद्ध वाटते, आणि आपली तौहीद त्यांना पुत्राचा नकार वाटते. हा मतभेद खरा आहे, मोठा आहे, आणि तो गोड बोलून झाकण्याची गरज नाही.

तरीही एक विलक्षण साम्य उरते. पौलांच्या पत्रानुसार त्या अनीतिमान माणसाचा अंत येशूंच्या मुखातील श्वासाने होईल. सहीह मुस्लिममधील हदीसनुसार हजरत ईसा (अ.) दमास्कसच्या पूर्वेकडील पांढऱ्या मिनारजवळ उतरतील, त्यांची नजर जेथवर पोहोचेल तेथवर त्यांचा श्वास पोहोचेल आणि लुद्दच्या वेशीवर ते दज्जालचा अंत करतील. खोट्या मसीहचा शेवट खऱ्या मसीहच्या हातून होणार, ही आशा दोन्ही समाजांना आहे. आणि खरा मसीह कसा ओळखावा, हे कुरआनने त्यांच्या पाळण्यातील बोलांतूनच शिकवले आहे. सूरह मरयमनुसार त्यांचे पहिले शब्द होते, आपण अल्लाहचे दास आहोत. दज्जाल म्हणेल, मी मालक. मसीह म्हणाले, मी दास. इतकेच अंतर आहे, आणि त्या अंतरात सारा धर्म सामावलेला आहे.

नाव चिकटवण्याची घाई

भाकिताचा उद्देश माणसाला सावध करणे हा असतो. परंतु इतिहासात फार वेळा ते शत्रूच्या कपाळावर चिकटवण्याची चिठ्ठी बनले. आठव्या शतकात उमय्या खिलाफतच्या प्रदेशात राहणाऱ्या दमास्कसच्या योहान या ख्रिस्ती विद्वानाने इस्लामला ख्रिस्तविरोधकाचा अग्रदूत म्हटले. तिसऱ्या धर्मयुद्धाच्या वेळी, ११९०-९१ च्या हिवाळ्यात, इटलीतील फिओरेचा मठाधिपती जोआकिम याने मेसिना येथे इंग्लंडचा राजा रिचर्ड याची भेट घेतली. त्याच्या मांडणीत प्रकटीकरणातील सात डोक्यांपैकी एक डोके सुलतान सलाहुद्दीन अय्यूबी होते. १५२० मध्ये मार्टिन लूथर यांनी हेच विशेषण पोपविरुद्ध वापरले. म्हणजे आपल्यासाठी वापरलेले नाव पुढे ख्रिस्ती लोकांनी एकमेकांसाठीही वापरले.

हे वाचून आपल्याला दुःख होते, आणि ते स्वाभाविक आहे. पण मग त्या मुलाच्या मोबाईलमधील लाल वर्तुळाचे काय? आपण ज्याला अन्याय म्हणतो तोच आपणही करीत नाही ना?

या बाबतीत प्रेषितांची (स.) सुन्नत अगदी स्पष्ट आहे. मदिनेत इब्ने सय्याद नावाचा एक मुलगा होता. त्याच्या चमत्कारिक वागण्यामुळे तोच दज्जाल असावा, असा संशय लोकांना आला. बुखारी आणि मुस्लिममध्ये हा प्रसंग आहे. प्रेषित (स.) स्वतः त्याच्याकडे गेले. तो मुलांबरोबर खेळत होता. मी अल्लाहचा प्रेषित असल्याची साक्ष तू देतोस का, असे त्यांनी विचारले. त्या मुलाने उलट विचारले की, मी अल्लाहचा प्रेषित असल्याची साक्ष तुम्ही देता का? बंधूंनो, अंतिम प्रेषितांच्या तोंडावर उच्चारलेला हा प्रश्न किती उद्धट होता! प्रेषित (स.) एवढेच म्हणाले की, आपण अल्लाहवर आणि त्याच्या प्रेषितांवर ईमान ठेवतो. हजरत उमर (रजि.) यांनी त्याला ठार करण्याची परवानगी मागितली. उत्तर मिळाले की, हा जर तोच असेल तर त्याच्यावर तुमचा जोर चालणार नाही. आणि तो नसेल तर याला मारण्यात तुमचे काही भले नाही.

ज्यांच्यावर वह्य अवतरत होती त्यांनी संशयावरून निर्णय केला नाही. आपण मात्र तीन मिनिटांचा व्हिडिओ पाहून निर्णय करतो आणि तो दोनशे लोकांना पाठवतो.

निंदा कानी पडली तर

आता अवघड प्रश्न. आपल्या दीनची खरोखर निंदा झाली, अल्लाहच्या किंवा त्याच्या प्रेषितांच्या (स.) विषयी कोणी वाईट बोलले, तर काय करावे? अशा वेळी काळीज जळते. ते जळायलाच हवे. प्रेम असेल तेथे वेदना असणारच. परंतु त्या वेदनेला वाट कोणती द्यावी, हे कुरआनने आपल्यावर सोडलेले नाही.

सूरह आले इम्रानमध्ये श्रद्धावंतांना आधीच सांगून ठेवले आहे की, तुम्हाला पूर्वीच्या ग्रंथधारकांकडून व अनेकेश्वरवाद्यांकडून पुष्कळ त्रासदायक बोलणे ऐकावे लागेल, आणि त्या वेळी धीर धरणे व अल्लाहचे भय बाळगणे हे धैर्याचे काम आहे. सूरह निसामध्ये आदेश आहे की, अल्लाहच्या आयतींची थट्टा चालू असेल तेथे बसू नका, विषय बदलेपर्यंत दूर राहा. पाहा, उठून जाण्यास सांगितले आहे, आणि विषय बदलला की परत बसण्याची वाटही मोकळी ठेवली आहे. सूरह अनआममध्ये तर आपल्याच जिभेला लगाम घातला आहे की, अल्लाहखेरीज इतरांना पुकारणाऱ्यांच्या दैवतांना शिव्या देऊ नका. नाहीतर तेही अज्ञानाने अल्लाहला शिव्या देतील. म्हणजे दुसऱ्याच्या श्रद्धास्थानाविषयी अपशब्द बोलणारा मुसलमान स्वतःच अल्लाहच्या निंदेला निमित्त होतो.

कोणी जाणूनबुजून अन्याय केला तर कायद्याचा मार्ग आहे, जाणत्यांचा सल्ला आहे, लेखणी आहे. जमाव आणि दगड हा मार्ग नाही. बाजारात एका दुकानाची काच फुटते तेव्हा निंदा करणाऱ्याचे काही बिघडत नाही. एका गरीब कुटुंबाची रोजी जाते आणि जो आपला दीन समजून घेऊ शकला असता असा एक माणूस कायमचा दूर जातो.

दज्जालच्या फितनापासून बचावासाठी सूरह कहफच्या पहिल्या दहा आयती पाठ करण्याची शिकवण हदीसमध्ये आहे. आपण त्या पाठ करतो, परंतु त्यांचा अर्थ पाहतो का? चौथ्या आयतीत त्यांना इशारा आहे, जे अल्लाहला पुत्र आहे असे म्हणतात. पाचव्या आयतीत त्या बोलण्याला अतिशय गंभीर ठरवले आहे. आणि सहाव्या आयतीत? तेथे प्रेषितांना (स.) उद्देशून म्हटले आहे की, हे लोक या संदेशावर विश्वास ठेवत नाहीत म्हणून दुःखाने आपण स्वतःचा जीव घालवून बसाल की काय. अल्लाहविषयी चुकीचे बोलले गेले तेव्हा प्रेषितांच्या (स.) मनात सूडाऐवजी त्या बोलणाऱ्यांसाठीच तळमळ होती. दज्जालपासून वाचवणाऱ्या आयतींच्या मध्यभागी ही करुणा ठेवलेली आहे. ती वगळून उरलेल्या आयती पाठ करणाऱ्याने अर्धीच ढाल उचलली आहे.

आसन आपल्याच घरात

शेवटचा आणि सर्वांत जवळचा मुद्दा. ईश्वराच्या आसनावर बसण्याचा प्रयत्न केवळ सम्राट करतात का?

सहीह मुस्लिममध्ये हजरत जुंदुब (रजि.) यांची हदीस आहे. एका माणसाने शपथेवर म्हटले की, अमक्याला अल्लाह क्षमा करणार नाही. तेव्हा अल्लाहने विचारले की, मी क्षमा करणार नाही असे माझ्या वतीने शपथेवर सांगणारा हा कोण? मी त्याला क्षमा केली आणि तुझी कर्मे वाया घालवली. भगिनी-बंधूंनो, हा माणूस मूर्तिपूजक नव्हता. तो दुसऱ्याच्या पापाचा तिरस्कार करणारा होता. परंतु तिरस्कार करता करता तो न्यायाधीशाच्या जागी जाऊन बसला, आणि ती जागा त्याची नव्हती. अमका जहन्नमी, तमका सैतानाचा हस्तक, असे आपण किती सहज म्हणतो!

त्याच सूरह कहफमध्ये पुढे दोन बागांच्या मालकाची गोष्ट आहे. त्याच्याकडे द्राक्षांचे मळे होते, भोवती खजुरीची झाडे होती, मधून पाण्याचा प्रवाह होता. तो सोबत्याला म्हणाला की, ही बाग कधी नष्ट होईल असे मला वाटत नाही. ती उद्ध्वस्त झाली तेव्हा तो हात चोळत म्हणाला की, मी माझ्या रबसोबत कोणालाही भागीदार केले नसते तर बरे झाले असते. विचार करा, त्याने कोणत्या मूर्तीची पूजा केली होती? कथेत एकाही मूर्तीचा उल्लेख नाही. त्याने केवळ 'माझे' हा शब्द अल्लाहला विसरून उच्चारला होता. घरात बायको-मुलांवर ज्याचा शब्द अंतिम आणि ज्याची चूक कधीच नसते, दुकानात नोकराचा पगार ज्याला स्वतःचे दान वाटते, ज्या पेशइमामला लोकांनी उठून उभे न राहिल्याचे वाईट वाटते, त्या सर्वांना ही गोष्ट उद्देशून आहे. शेवटचे उदाहरण मी स्वतःला वगळून दिलेले नाही.

इब्ने माजामध्ये हजरत अबू सईद खुदरी (रजि.) यांच्याकडून आलेली हदीस तर थरकाप उडवते. सहाबा दज्जालविषयी बोलत बसले होते. प्रेषित (स.) आले आणि म्हणाले की, तुमच्याबाबत मला दज्जालपेक्षाही ज्याची अधिक भीती वाटते ते सांगू का? ते म्हणजे लपलेले शिर्क. माणूस नमाजला उभा राहतो आणि कोणीतरी पाहत आहे म्हणून ती अधिक सुंदर करतो. आपण ज्याला सातासमुद्रापार शोधत होतो, त्याच्याहून मोठा धोका पहिल्या सफमध्ये, आपल्याच सजद्यात निघाला.

त्या मुलाला दिलेले उत्तर

त्या मुलाने विचारले होते की, आपण काय करायचे? मी त्याला चार गोष्टी सांगितल्या. त्याच आपणास सांगतो. सूरह कहफच्या पहिल्या दहा आयती अर्थासह पाठ करा. प्रत्येक नमाजच्या अखेरच्या बैठकीत जहन्नमच्या यातना, कबरच्या यातना, जीवन-मरणाची संकटे आणि दज्जालचा फितना यांपासून आश्रय मागण्याची जी दुआ आहे, ती घाईने उरकू नका. ज्या व्हिडिओत कोणाच्या कपाळावर 'ईश्वराचा शत्रू' अशी चिठ्ठी लावली आहे तो पुढे पाठवू नका. मग तो कोणाविषयीही असो. आणि रोज रात्री झोपण्यापूर्वी स्वतःला विचारा की, आज दिवसभरात जे आसन माझे नाही त्यावर मी किती वेळा बसलो?

बायबल परत करताना मी सरांना कुरआनचा मराठी अनुवाद भेट दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला. आमचा मतभेद होता तेथेच आहे आणि आम्ही दोघेही तो जाणतो. त्या मुलाच्या आतापर्यंत सात आयती पाठ झाल्या आहेत. सहाव्या आयतीचा अर्थ त्याने मला दोनदा विचारला.

हे अल्लाह, तूच मालक आहेस आणि आम्ही तुझे दास आहोत. हे सत्य आमच्या जिभेवरून आमच्या काळजात उतरव. दज्जालच्या फितनापासून आणि त्याहून जवळ असलेल्या आमच्या अहंकारापासून आमचे रक्षण कर. जे तुला ओळखत नाहीत त्यांच्याविषयी आमच्या मनात द्वेषाऐवजी तळमळ दे. आमच्या मुलांना खरे-खोटे पारखणारे अंतःकरण दे. आमीन.